कार्डाचा सात-बारा आणि प्रत्यक्ष मोजणी

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात पायऱ्या भराभर सांगितल्या गेल्यात, त्या इथे सावकाश वाचता येतील. एकदोन ठिकाणी वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)



आजचा भाग सुरू करण्याआधी एक काम. घरात जेवढी मेमरी कार्डं आणि पेनड्राइव्ह आहेत, तेवढे सगळे एका डबीत गोळा करा. ड्रॉवरमधलं, जुन्या फोनमधलं, बाबांच्या कपाटातलं, सगळं. भाग संपेपर्यंत त्यातल्या निदान एकावर तरी तुमचा संशय बसेल, असा माझा अंदाज आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

वारीवरचा भाग करायचा म्हणून मी माउलींच्या पालखीबरोबर तीन दिवस चाललो होतो. दिवे घाट, सासवडचा मुक्काम, मग जेजुरीची वाट. जवळ छोटा साउंड रेकॉर्डर होता आणि त्यात नवंकोरं ६४ जीबीचं कार्ड. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात मिळालेलं. रेकॉर्डर उत्तम आवाजात लावला की तासाला साधारण एक जीबी जागा घेतो. तिन्ही दिवस मिळून चौदाएक तास रेकॉर्ड केलं. स्क्रीनवर 'जागा शिल्लक' दिसत होतं, लाल दिवा जळत होता, सेकंद पुढे सरकत होते. सगळं कसं नीट.

घरी येऊन लॅपटॉपला कार्ड लावलं. सगळ्या फाइली होत्या. नावं बरोबर, तारखा बरोबर, आकारही बरोबर. दिवे घाट वाजला. सासवडची पहाट वाजली. आणि मग साडेसात तासांच्या पुढची एकही फाइल उघडेना. एकही नाही. जेजुरीच्या वाटेवर एक आजी भेटल्या होत्या. किती वर्षं वारी करतायत, पहिल्या वारीला कुणाबरोबर आल्या, सगळं चालता चालता सांगत होत्या. मी त्यांचं नाव-गावही रेकॉर्डरवरच विचारलं होतं, वेगळं लिहून घेतलं नव्हतं. तेही गेलं.

डेटा परत काढून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे कार्ड नेलं. त्याने तासाभराने फोन केला आणि म्हणाला, "दादा, पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. हे लिहिलंच गेलेलं नाही. कार्ड आठ जीबीचं आहे."

आठ! आणि मी चौसष्टच्या भरवशावर तीन दिवस चाललो.

कार्ड खोटं कसं बोलतं?

आपल्याला वाटतं कार्ड म्हणजे एक रिकामी डबी. तसं नसतं. नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डातसुद्धा दोन भाग असतात. एक, माहिती साठवणारी फ्लॅश मेमरीची चिप. दुसरा, तिचा कारभार बघणारा बारीकसा कॉम्प्युटर. त्याला कंट्रोलर म्हणतात. फोन कधीच थेट मेमरीशी बोलत नाही. तो कंट्रोलरला विचारतो, "किती जागा आहे?" कंट्रोलर जे सांगेल ते फोन मान्य करतो. तपासत बसत नाही.

गावाकडच्या मंडळींना लगेच कळेल असं सांगतो. सात-बाराच्या उताऱ्यावर ६४ गुंठे लिहिलेत. पण उतारा लिहिणाऱ्यानेच आकडा फुगवला असेल तर? जमिनीवर जाऊन मोजणी केली तर भरते आठच गुंठे. तुम्ही कितीही वेळा नवा उतारा काढा, आकडा ६४ च येणार, कारण लिहिणारा तोच आहे. बनावट कार्डात हेच होतं. कंट्रोलरच्या आतला प्रोग्रॅम बदलून मोठा आकडा भरलेला असतो. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये ६४ दिसलं, लॅपटॉपवर ६४ दिसलं, फॉरमॅट केल्यावरही ६४ दिसलं, तरी तो पुरावा नाही. तिन्ही वेळा तुम्ही एकाच लबाडाला विचारलंय.

कंट्रोलर मुळात वाईट नसतो बरं का. फ्लॅश मेमरी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच तिच्यात काही खराब कप्पे असतात. ते बाजूला काढणं, बारीकसारीक चुका दुरुस्त करणं, एकाच कप्प्यावर सारखं लिहिलं जाऊ नये म्हणून काम वाटून देणं, हे सगळं कंट्रोलरच करतो. म्हणूनच कार्डं इतकी स्वस्त मिळतात. पण ज्याच्या हातात कारभार, त्याच्या हातात लबाडीही.

हे काही माझं अनुमान नाही. बनी ह्वांग नावाचे एक नामवंत हार्डवेअर इंजिनिअर आहेत. त्यांच्या कंपनीच्या यंत्रासाठी आलेल्या मायक्रोएसडी कार्डांच्या एका लॉटमध्ये गडबड निघाली, तेव्हा त्यांनी चीनमधल्या बाजारातून आणखी कार्डं विकत घेऊन, अक्षरशः फोडून, आत काय आहे ते बघितलं आणि २०१० मध्ये ते सगळं लिहिलं. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्गला एका परिषदेत त्यांनी आणि शॉन क्रॉस यांनी दाखवून दिलं की काही एसडी कार्डांच्या कंट्रोलरमध्ये आपल्याला हवा तो प्रोग्रॅम घालता येतो. म्हणजे उताऱ्यावरचा आकडा बदलणं शक्य आहे, हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं.

मग भरल्यावर नेमकं काय होतं?

दोन प्रकार असतात.

पहिला प्रकार खड्ड्याचा. खरी जागा संपली की पुढचं सगळं खड्ड्यात. कंट्रोलर "लिहिलं, लिहिलं" म्हणत राहतो आणि प्रत्यक्षात काहीच ठेवत नाही. माझं असंच झालं. मग फाइलींची नावं कशी दिसली? कारण फाइलींची यादी, म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका म्हणा, ती बहुतेक वेळा कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते. तो भाग खरा होता. अनुक्रमणिका शाबूत, पुस्तकाची पानं कोरी.

दुसरा प्रकार बैलाच्या घाण्याचा. खरी जागा संपली की कंट्रोलर गोल फिरून पुन्हा पहिल्या जागेवर येतो आणि जुन्यावरच नवं लिहितो. यात पहिले फोटो जातात, आणि अनुक्रमणिकेवरच लिहिलं गेलं तर अख्खं कार्ड 'फॉरमॅट करा' म्हणायला लागतं. आपल्याला वाटतं कार्ड अचानक खराब झालं. ते पहिल्या दिवसापासून खोटंच होतं. फक्त तुम्ही त्या हद्दीपर्यंत आज पोचलात.

इथेच खरी मेख आहे. आठ जीबी भरेपर्यंत खोटं कार्ड खऱ्यासारखंच वागतं. ते फसवतं ते नेमकं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, ट्रेकच्या शेवटी, वारीच्या तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत परत करायची मुदतही संपलेली असते.

मोजणी कशी करायची?

उपाय एकच, आणि तो साधा आहे. कार्ड पूर्ण भरा आणि पूर्ण वाचून बघा.

जमिनीच्याच भाषेत बोलू. प्रत्येक गुंठ्यात एकेक खुंट ठोकायचा, प्रत्येकावर वेगळा नंबर. शेवटपर्यंत ठोकून झाले की पुन्हा पहिल्यापासून फिरायचं आणि प्रत्येक नंबर आपापल्या जागी आहे का बघायचं. नंबर वेगळे का? कारण सगळे खुंट एकसारखे असले आणि कुणी तुम्हाला आठ गुंठ्यांतच गोल फिरवलं, तर तुम्ही तेच खुंट पुन्हा पुन्हा मोजाल आणि म्हणाल, "वा, चौसष्ट भरले!" म्हणून एकच व्हिडिओ तीसदा कॉपी करून केलेली तपासणी पक्की नाही. घाण्याच्या बैलासारखं फिरणारं कार्ड त्यातून निसटू शकतं.

हे खुंट ठोकायचं काम करणारे फुकट प्रोग्रॅम आहेत.

विंडोजवर जुना आणि विश्वासाचा प्रोग्रॅम म्हणजे एच-टू-टेस्ट-डब्ल्यू. नाव सलग टाइप करायचं, मधला 'टू' आकड्यात. जर्मनीतल्या 'सीटी' या कॉम्प्युटर नियतकालिकाच्या हाराल्ड ब्योगेहोल्ट्स यांनी तो लिहिला. उघडल्यावर जर्मन दिसलं तर घाबरू नका, इंग्लिशचा पर्याय समोरच असतो.

मॅक किंवा लिनक्स असेल तर एफ-थ्री. मिशेल माशादो यांनी लिहिलेला. नावाचा अर्थच 'बनावट फ्लॅशशी लढा'. याचे दोन भाग असतात, एक लिहिणारा, एक वाचणारा.

वेळ कमी असेल तर विंडोजवर स्टीव्ह गिब्सन यांचा व्हॅलिड्राइव्ह आहे. तो पूर्ण कार्ड भरत नाही, सगळीकडे सारख्या अंतरावर ५७६ ठिकाणी लिहून-वाचून बघतो. खोटा आकडा पकडायला उत्तम. पण मधलाच एखादा कप्पा खराब असेल तर तो सुटू शकतो. म्हणजे झटपट पाहणी, पूर्ण मोजणी नव्हे.

आता पायऱ्या. लिहून घ्या.

१. कार्डात काही असेल तर आधी ते दुसरीकडे कॉपी करा आणि कॉपी झालेल्या फाइली उघडून बघा. चाचणी नेहमी रिकाम्या कार्डावर.

२. कार्ड फोनमध्ये 'फोनचं स्टोरेज' म्हणून जोडलेलं नको. अँड्रॉइडमध्ये तो पर्याय घेतला की कार्ड त्या एकाच फोनशी बांधलं जातं आणि लॅपटॉपवर वाचता येत नाही. 'पोर्टेबल' ठेवा.

३. कार्ड रीडर चांगला घ्या आणि थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. मध्ये लोंबती वायर किंवा हब नको.

४. एच-टू-टेस्ट-डब्ल्यूमध्ये कार्ड निवडा. ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा. 'ऑल अव्हेलेबल स्पेस' ठेवा आणि 'राइट प्लस व्हेरिफाय' दाबा. एक-एक जीबीच्या फाइली तयार व्हायला लागतील.

५. आता चहा घ्या. खरं तर जेवून या. सेकंदाला १० एमबी वेगाने ६४ जीबी लिहायलाच पावणेदोन तास लागतात. मग वाचायचा वेळ वेगळा. लॅपटॉप मध्येच झोपी जाणार नाही असं सेटिंग करा.

६. कार्ड किंवा पेनड्राइव्ह लहान असेल तर लिहून झाल्यावर काढून पुन्हा लावा आणि मग फक्त 'व्हेरिफाय' करा. कारण कॉम्प्युटर नुकतंच लिहिलेलं स्वतःच्या मेमरीतून वाचून "सगळं ठीक" म्हणू शकतो. आपल्याला कार्डातलं वाचायचंय.

एकदा पूर्ण भरल्याने कार्ड झिजेल का, असं एकाने विचारलं होतं. फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते हे खरं, पण एका फेरीने काही होत नाही. रोज करू नका म्हणजे झालं.

निकाल कसा वाचायचा?

चुका शून्य? उत्तम. वापरा.

सुरुवातीचा भाग ठीक आणि एका हद्दीनंतर सगळं गेलेलं? म्हणजे आठ, सोळा किंवा बत्तीस जीबीच्या आसपास रेघ ओढल्यासारखं? आकडा खोटा आहे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू अशा वेळी 'द मीडिया इज लाइकली टु बी डिफेक्टिव्ह' असं लिहितो आणि खाली किती ठीक, किती गेलं ते देतो. त्याचा स्क्रीनशॉट लगेच काढा.

इकडे थोडी चूक, तिकडे थोडी चूक, असं विखुरलेलं? मग कार्डाला शिव्या देण्याआधी रीडर बदला, पोर्ट बदला आणि पुन्हा चाचणी करा. मळलेला रीडर किंवा सैल अडॅप्टर अशाच चुका दाखवतो. दुसऱ्या रीडरवरही चुका आल्या तर दोष कार्डात. खरं असलं तरी ते सदोष किंवा झिजलेलं आहे.

लिहूच देत नाही, फक्त वाचता येतं? आधी अडॅप्टरच्या कडेचं इवलंसं लॉक बघा. खिशात सरकतं ते. लॉक उघडं असूनही लिहिता येत नसेल, तर बहुधा कंट्रोलरने हात टेकलेत. राखीव कप्पे संपले की बरीच कार्डं स्वतःला फक्त-वाचनावर टाकतात. ती शेवटची सूचना समजा. आतलं काढून घ्या आणि कार्डाला निवृत्त करा.

आणि एक गैरसमज. ६४ जीबीचं कार्ड विंडोजवर ५९.६ दिसतं, म्हणजे फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ च्या पटीने मोजतं आणि तरी जीबीच लिहितं. तसंच १२८ चं साधारण ११९ दिसतं. गज आणि मीटरमधला फरक आहे तो, चोरी नव्हे.

विंडोजची 'एरर चेकिंग' केली, ती पास झाली, मग कार्ड खरं ना? नाही. ती मुख्यतः फाइलींची व्यवस्था तपासते. म्हणजे अनुक्रमणिका. पानं कोरी आहेत का ते ती सांगत नाही.

लॅपटॉपच नाही, फक्त फोन आहे

आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे फोनच असतो. तर मित्राचा लॅपटॉप एका संध्याकाळपुरता मागा, किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा. तेही नाही जमलं तर कच्ची मोजणी अशी.

फोनमधले वेगवेगळे मोठे व्हिडिओ कार्डावर कॉपी करा. कॉपी बरं का, मूव्ह नाही. मूळ फाइली फोनमध्येच राहू द्या. फोनमधले संपले तर मित्रांकडून आणखी घ्या, पण कार्ड शेवटपर्यंत भरा. मग सेटिंगमधून कार्ड नीट 'इजेक्ट' करा, बाहेर काढा, फोन बंद करून चालू करा, कार्ड परत घाला. आता पहिले, मधले आणि शेवटचे व्हिडिओ चालवा. प्रत्येकात मध्यावर आणि शेवटाकडे उडी मारून बघा.

गॅलरीतली छोटी चित्रं बघून समाधान मानू नका. ती बऱ्याचदा फोनच्याच मेमरीत साठवलेली असतात. कार्डातला फोटो नाहीसा झाला तरी त्याचं चित्र गॅलरीत छान हसत असतं. बोट लावून मोठा केला की करडी चौकट. माझ्या मावसभावाच्या साखरपुड्याचे फोटो असेच महिनाभर 'होते'.

विकत घेताना आणि फसल्यावर

किमतीवर विश्वास ठेवा, वेष्टनावर नको. १ टीबीचं मायक्रोएसडी कार्ड मुळात २०१९ मध्ये जाहीर झालं, आणि तेव्हा ते चांगलंच महाग होतं. कुणी तुम्हाला २ टीबी कार्ड एका थाळीच्या पैशात देत असेल, तर तो तुम्हाला वेष्टन विकतोय. छपाई हुबेहूब करता येते. मोठ्या संकेतस्थळावरही विक्रेता कोण आहे ते वाचा. बिल घ्याच.

कार्ड ज्या दिवशी हातात येईल त्याच रात्री चाचणी लावा. परत करायची मुदत संपायच्या आत निकाल हातात हवा. खोटं निघालं तर बिल आणि स्क्रीनशॉट घेऊन परत करा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार करता येते.

"खऱ्या आठ जीबीपुरतंच वापरू का?" तांत्रिकदृष्ट्या करता येतं, तेवढाच भाग आखून घ्यायचा. पण ज्याने आकड्यात फसवलं त्याने चिप तरी चांगली घातली असेल का? मी ते कार्ड कात्रीने कापलं. दुसऱ्याला देऊ नका, स्वस्तात विकू तर मुळीच नका. आपल्या गळ्यातली घोरपड शेजाऱ्याच्या गळ्यात बांधायची नाही.

आणि ज्या कार्डात आत्ता मोलाचं काही आहे आणि ते विचित्र वागतंय, त्यावर चाचणी लावू नका. फॉरमॅटही करू नका. नवीन एकही फोटो काढू नका. आधी जे वाचता येतंय ते बाहेर काढा. फोटोरेकसारखे फुकट प्रोग्रॅम पुसलेल्या किंवा यादीतून हरवलेल्या फाइली बऱ्याचदा परत आणतात. पण जे कार्डावर कधी उतरलंच नाही, ते जगातला कुठलाही प्रोग्रॅम आणू शकत नाही.

चाचणी पास झालेलं कार्डसुद्धा कायमचं नसतं. मोजणी आजची असते, उद्याची हमी नाही. म्हणून मी आता मुक्कामाला पोचलो की त्याच रात्री दिवसाचं रेकॉर्डिंग दुसरीकडे उतरवतो, आणि एकदोन फाइली मधूनच ऐकून बघतो. माझ्या कार्डांवर मार्करने तारीख असते, चाचणी केलेल्या दिवसाची. तारीख नसलेलं कार्ड रेकॉर्डरमध्ये जात नाही.

पुढच्या आषाढात मी पुन्हा जेजुरीच्या वाटेवर गेलो. दिवसभर दिंड्यांमधून त्या आजींना शोधत होतो. भेटल्या नाहीत. नाव माहीत नाही तर विचारणार तरी काय? पण हो, आता कुणी बोलायला लागलं की नाव-गाव आधी वहीत लिहितो. मग लाल दिवा लावतो.

तर ती डबी उघडा. आज रात्री एक कार्ड मोजणीला लावा आणि निकाल काय आला ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, स्वतःची आणि फाइलींची.